आईची गोळी आणि खंडेराव मार्केट

आईला डिप्रेशन आहे हे घरात कोणी मान्यच करेना, कारण आई रडत नव्हती. नुसती गप्प झाली होती. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घरात पहाटे साडेपाचला गॅस पेटायचा तो आठ वाजले तरी पेटेना, आणि गणपतीत मोदकाची उकड बिघडली तरी ती काहीच बोलली नाही, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

मग सल्ले सुरू. आत्या म्हणाली, डॉक्टरकडे नेलंत की शॉकच देतात बघ. काका सर्पगंधेचं चूर्ण घेऊन आले. आता सर्पगंधा म्हणजे थोतांड नाही हं, 1931 साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी वेडावर आणि ब्लडप्रेशरवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं होतं, पुढे त्याच मुळीतून रेसर्पिन नावाचं औषध निघालं आणि 1950 च्या दशकात परदेशातल्या हॉस्पिटलांतसुद्धा वापरलं गेलं. पण डॉक्टरांनी पुडी बघितली आणि म्हणाले, हे बिलकुल नको, याने बीपी उतरतं आणि मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन पण कमी होतं, डिप्रेशनवाल्याला उलट त्रास वाढायचा. काका दोन दिवस फुगून बसले होते.

शॉकचंही विचारून घेतलं. आईला गरजच नव्हती, पण कोणी खाणंपिणं सोडलं असेल, जीव द्यायचं डोक्यात असेल तर ते लवकर लागू पडतं म्हणे. आणि सिनेमात दाखवतात तसं नसतं, भूल देऊन आणि स्नायू सैल करायचं औषध देऊन करतात, त्याशिवाय करायला 2017 च्या कायद्याने बंदीच आहे. आत्याला हे तीनदा सांगितलं. तिचं आपलं तेच.

आईला डिप्रेशनवरची एस्सिटालोप्राम नावाची गोळी दिली, रोज एक. पहिला आठवडा नुसती मळमळ, बाबा म्हणाले बंद करा हे विष. पण डॉक्टर आधीच बोलले होते की त्रास आधी दिसतो, गुण मागून, दोन-चार आठवडे धरा, कधी सहाही लागतात. विसाव्या दिवशी आई जेवता जेवता म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

पण गोळीने ती उठून बसली एवढंच, बोलत नव्हतीच. काउन्सेलर बेन गुजराती, मला वाटलं आईचं जमायचं नाही, मराठी कोणी मिळालं असतं तर बरं. झालं उलटंच. घरात विचारलं की “काही नाही गं, झोप झाली नाही” एवढंच उत्तर, आणि तिथे पहिल्याच दिवशी म्हणाली, “मने कंई गमतुं नथी,” म्हणजे मला कशातच करमत नाही. आणि मग जे बोलली ते आम्ही चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं (मी बाहेर बाकड्यावर बसले होते, दार नीट लागत नाही त्यांचं). मराठीत तिला आई, सून, वहिनी राहावं लागतं, गुजरातीत ती भाजीवाल्याशी भांडायला मोकळी असते, असं मला तरी वाटतं.

बेननी तिला वही दिली. रोज एक छोटं काम, मन असो नसो, आधी करायचं आणि मग कसं वाटलं ते लिहायचं. मन लागलं की करीन, असं म्हणत बसलं की मन लागतच नाही, म्हणून उलटीकडून सुरुवात. आईचं काम होतं खंडेराव मार्केटपर्यंत चालत जाऊन भाजी आणणं.

दिवाळीत तिला बरं वाटलं म्हणून कोणाला न विचारता गोळी सोडून दिली. तीन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, आम्हाला वाटलं आजार परत आला, पण डॉक्टर म्हणाले ही एकदम सोडल्याची लक्षणं, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची आणि सोडायची ती हळूहळू डोस कमी करत. परत सुरू केली, आता डबी फ्रिजवर, बाबांच्या पहाऱ्यात.

वही मी चोरून बघते. परवाचं लिहिलेलं : आज मार्केटला गेले नाही. पाऊस होता. आणि खाली वेगळ्या पेनाने : खोटं. पाऊस नव्हता.