हॅवलॉकला अडकलेले आपले चौदा जण

डिसेंबर २०१६. नोटबंदीला महिना होत आलेला, नागपुरात हिवाळी अधिवेशन, सीताबर्डीवर रोज मोर्चे, बँकांसमोर लाइनी. मी इथल्या एका टूर ऑफिसात ऑपरेशन्स बघते, म्हणजे तिकिटं, हॉटेल, गाड्या, अन् काही बिघडलं की रात्रीबेरात्री येणारे फोन. आमचा चौदा जणांचा ग्रुप अंदमानला गेला होता, बहुतेक रिटायर्ड मंडळी, प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर भागातली. ७ तारखेला ते हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला परत यायचे होते अन् ९ तारखेला चेन्नईमार्गे नागपूर.

पण बोटीच बंद झाल्या. अंदमानच्या समुद्रात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीचा कमी दाबाचा टप्पा, तयार झालं होतं, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता अन् समुद्र एवढा खवळला की हॅवलॉक अन् नील दोन्ही बेटांवर मिळून हजाराच्या वर पर्यटक अडकले. एका काकांचा मुलगा ऑफिसात येऊन बसला, "मॅडम, टीव्हीवर तं सांगून राहिले साधं डिप्रेशन आहे, मग बोट काऊन सोडत नाही?" त्याला राग येणं साहजिक होतं. मी त्याला नकाशा काढून दाखवला. हॅवलॉकला ना पूल ना विमानतळ, जायचं-यायचं ते बोटीने, फार तर हेलिकॉप्टरने. इमारतीला काही होणार नाही एवढ्याच वाऱ्यात सुद्धा लाटा अशा उठतात की बोट जेट्टीला लागूच शकत नाही. मेनलँडवर वादळ आलं की माणूस गाडीत बसून आत निघून जाईल, बेटांच्या माळेत मात्र प्रत्येक बेट एकटं पडतं अन् तुम्ही त्या वेळी कोणत्या बेटावर आहात त्यावर सगळं ठरतं.

मोबाइल तिकडे लागत नव्हते. तेव्हा अंदमानला समुद्राखालची केबल नव्हती, ती २०२० मध्ये आली, सगळं सॅटेलाइटवर. एकच आधार, रिसॉर्टचा लँडलाइन, तोही दहा वेळा फिरवला की एकदा लागायचा. लागला तेव्हा कळलं की लाइट नाही, कार्डाचं मशीन बंद अन् कोणाजवळ कॅश नाही, कारण एटीएममधून दिवसाला अडीच हजारच निघायचे अन् निघालेले संपले होते. मॅनेजर भला माणूस, म्हणाला पैशाचं नंतर बघू, तरी मी साहेबांना सांगून त्याच दिवशी एनईएफटी करून टाकलं, म्हाताऱ्या माणसांना जेवताना संकोच नको वाटायला. दुसरी काळजी त्या काकांच्या इन्सुलिनची, फ्रिज बंद होता. धंतोलीतल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वापरात असलेली बाटली उन्हापासून लांब ठेवा, फ्रिजशिवाय काही आठवडे चालते. हे काकूंना सांगितल्यावर त्या फोनवरच रडल्या.

नेव्हीची जहाजं निघाली होती, बित्रा, बंगाराम, कुंभीर अन् एक एलसीयू, म्हणजे माणसं-सामान किनाऱ्यावर उतरवायचं छोटं जहाज, पण पहिल्यांदा त्यांनाही बंदरात शिरता येईना, बाहेरच थांबावं लागलं. आमचे लोक ९ तारखेला निघाले. लाइफजॅकेट घालून जहाजावर चढवलं, वाटेत बहुतेकांना उलट्या झाल्या, पण संध्याकाळी चौदाही जण पोर्ट ब्लेअरला पोचले अन् ऑफिसात आम्ही सगळे एकदमच बोलायला लागलो.

खरा प्रश्न त्यानंतरचा. ९ चं विमान चुकलं होतं, विमान कंपनी १२ तारखेचं देत होती, पुन्हा चेन्नईमार्गेच, फुकटात. सगळे खूश. पण मी हवामान खात्याची बुलेटिनं वाचत होते, ८ तारखेला त्या डिप्रेशनचं चक्रीवादळ होऊन वरदा नाव मिळालं होतं अन् ते बेटांकडून पश्चिमेला मेनलँडकडे निघालं होतं. म्हणजे ज्याने यांना हॅवलॉकला अडकवलं तेच वादळ यांच्या पुढे पुढे जाणार होतं! किनाऱ्याला लागायचा अंदाजही १२ चाच. मंडळी म्हणाली, अहो ते तं आंध्रला जाणार म्हणतात. तोवर तसंच होतं, चेन्नईचं नाव बुलेटिनमध्ये नंतर आलं. पण नकाशावर एक रेघ नसते, शंकू असतो, वादळ त्यात कुठेही जाऊ शकतं, अन् त्याची खालची कड मला चेन्नईच्या फारच जवळ वाटली. सत्तरीच्या माणसांना पुन्हा एका बंद शहरात अडकवायची माझी तयारी नव्हती. साहेबांशी वाद घातला, जास्तीचे पैसे लागणार होते, शेवटी ते हो म्हणाले. १२ ला सकाळी पोर्ट ब्लेअर-कोलकाता अन् दुपारी हावड्याहून गीतांजली एक्सप्रेस. तत्काळ ११ ला दहा वाजता उघडणार होतं, आम्ही तिघं तीन कॉम्प्युटरवर बसलो अन् चौदाही बर्थ मिळाले, वेगवेगळ्या डब्यात का होईना.

१२ ला दुपारी वरदा चेन्नईजवळच धडकलं. विमानतळ बंद, रस्त्यांवर झाडंच झाडं आडवी. आमची मंडळी तेव्हा गाडीत होती. त्या मुलाने फोन केला, काही बोलला नाही नीट, फक्त "ताई, थँक यू" म्हणाला, आधी मॅडम म्हणायचा.

संध्याकाळी मी आमच्या पोर्ट ब्लेअरच्या पोराला फोन केला. इतके दिवस तो भिजत जेट्टीवर उभा राहून लिस्टमध्ये आपली नावं शोधत होता. तो नीलचा, वडील तिथे भाजी पिकवतात, पोर्ट ब्लेअरला बरीच भाजी नीलवरूनच जाते. म्हणाला, पर्यटक आले दीदी, पण बाबांशी बोलणं झालं नाही, शेतात पाणी आहे एवढंच कळलं. चौदा जणांच्या नादात आपल्या घरचं कोणी विचारलंच नाही असं त्याला वाटायला नको म्हणून सांगितलं, बोलणं झालं की कितीही वाजले असू दे, मला सांग. १४ ला सकाळी त्याचा फोन आला, बाबा बरे आहेत, वांगी गेली.