परमिट मिळालं, पण खरेदीखत काय म्हणतं?

७ जानेवारी २०२५ च्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस भागातल्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि आल्टडीनात घर पुन्हा उभं करणाऱ्यांचा सगळा जीव परमिटमध्ये अडकलेला असतो. पण जमिनीवर बंधनं दोन प्रकारची असतात. एक शहराचं किंवा काउंटीचं, दुसरं खरेदीखतातून चालत आलेलं. नकाशे तपासणारा अधिकारी हे दुसरं बंधन बघत नाही, ते त्याचं काम नाही. परमिट हातात असतानाही शेजारी कोर्टात जाऊन बांधकाम थांबवू शकतो. म्हणून आर्किटेक्टला पहिला चेक देण्याआधी कागद काढा.

घरातली फाइल जळाली असेल, तरी टायटल कंपनीकडून (मालकीहक्काचे दस्त तपासणाऱ्या कंपनीकडून) प्रिलिमिनरी रिपोर्ट मागवता येतो. त्यातल्या शेड्यूल बी मध्ये अटी, ईझमेंट (तुमच्या जमिनीवर दुसऱ्याचा वापराचा हक्क) आणि प्रत्येक दस्ताचा नोंदणी क्रमांक मिळतो. तिथे एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून मूळ दस्ताची पूर्ण प्रत घ्याच; लॉस एंजेलिस काउंटीचं नोंदणी कार्यालय नॉर्वॉकला आहे. ‘माझ्या डीडमध्ये (खरेदीखतात) तर काहीच लिहिलेलं नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. प्लॉट विकण्याआधी संपूर्ण ट्रॅक्टसाठी (एकत्र आखलेल्या प्लॉटांच्या गटासाठी) नोंदवलेलं डिक्लेरेशन, म्हणजे अटींचा दस्त, पुढच्या डीडमध्ये उल्लेख नसला तरी लागू होतं, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. होमओनर्स असोसिएशन (घरमालकांची संघटना) नसली तरी त्याच ट्रॅक्टमधला दुसरा मालक दावा लावू शकतो.

वाचताना आधी मुदत शोधा. काही जुन्या अटी ठरावीक वर्षी संपतात. काही, बहुसंख्य मालकांनी सही करून रद्द केल्या नाहीत तर, आपोआप पुढे चालू राहतात. हे एक वाक्य दोनदा वाचा. मग घरांची संख्या, उंची, चारी बाजूंनी सोडायची जागा आणि कोणाची मंजुरी लागते ते पाहा.

उंचीत बरेच जण फसतात. गव्हर्नरच्या १२ जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार जुन्या घराच्या पायाक्षेत्राच्या आणि उंचीच्या ११० टक्क्यांपर्यंतच्या पुनर्बांधणीला पर्यावरण आढाव्यातून आणि किनारपट्टी परवान्यातून सूट मिळते. ही सूट सरकारी नियमांपुरती आहे. डिक्लेरेशनमध्ये ‘एकच मजला’ असेल तर वरचे दहा टक्के तिथे उपयोगाचे नाहीत. उंची कुठून मोजायची, रस्त्याच्या पातळीपासून की मूळ जमिनीपासून, हेही दोन्हीकडे वेगळं असू शकतं. आणि जुनं घर अट मोडूनच उभं होतं म्हणून नवंही चालेल, असं धरून चालू नका. दाव्याची पाच वर्षांची मुदत जुन्या उल्लंघनाबाबत संपली असेल, पण नवं बांधकाम म्हणजे नवं उल्लंघन, असा युक्तिवाद समोरचा वकील करू शकतो.

काही ठिकाणी कायदाच तुमच्या बाजूने आहे. अग्निरोधक छताच्या राज्य नियमाविरुद्ध जाणारं छत लावायला असोसिएशन भाग पाडू शकत नाही, आणि आगीच्या अतिधोक्याच्या क्षेत्रात तिला किमान एका प्रकारच्या अग्निरोधक छताला परवानगी द्यावीच लागते. छताला लाकडी शिंगल्स (पातळ फळ्या) लावण्याची जुनी अट इथे टिकत नाही. एकल कुटुंबाच्या प्लॉटवर एडीयूला (मुख्य घराच्या जोडीच्या छोट्या घराला) पूर्ण मनाई करणारी किंवा अवाजवी अडथळा आणणारी अट सिव्हिल कोडच्या कलम ७१४.३ नुसार रद्दबातल आहे. वाजवी अटी मात्र राहतात. पण एसबी ९ या राज्य कायद्याखाली प्लॉट विभागायचा किंवा दोन घरं बांधायची असतील तर ‘एका प्लॉटवर एकच घर’ ही अट आड येऊ शकते, कारण त्या कायद्यात खाजगी अटी रद्द करणारं कलम नाही. शिवाय गव्हर्नरच्या ३० जुलै २०२५ च्या आदेशाने जळालेल्या अतिधोक्याच्या भागांत एसबी ९ वर मर्यादा घालण्याची मुभा स्थानिक प्रशासनांना दिली आहे.

जुने दस्त चाळताना ‘गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहू नये’ अशा अर्थाची ओळही भेटू शकते. आल्टडीनात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्याच जळालेल्या घराच्या कागदांत ती वाचावी, हे फार क्लेशदायक आहे. अशा अटी कोर्टाकडून अमलात आणता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच सांगितलं. काउंटीकडे दुरुस्तीचा अर्ज करून ती ओळ काढून घेता येते. बाकीच्या अटी त्यामुळे जात नाहीत.

मंजुरी घ्यायची असेल तर असोसिएशनला नकाशे लेखी द्या आणि पोच ठेवा. निर्णय लेखीच हवा, आणि नकार असेल तर कारणासकट. असोसिएशनच्या समितीने नाकारलं तर बोर्डाकडे फेरविचार मागण्याचा हक्क सहसा असतो. हे काम शहराच्या परमिटसोबतच सुरू करा, त्यानंतर नव्हे. जाहीर आणीबाणीत भाड्याच्या घरात राहण्याचा खर्च विम्यातून, पॉलिसीची रक्कम संपेपर्यंत, किमान २४ महिने मिळतो आणि तुमच्या हाताबाहेरचा उशीर झाला तर आणखी १२ महिने वाढवून मागता येतो. त्या अर्जाला असोसिएशनची तारीखवार पत्रं जोडा.