आमची वाटचाल : चार गाळे आणि एक शाफ्ट

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा २००९ पासून आहे. सुरुवात सहाशे स्क्वेअर फुटात, एक सेकंडहँड लेथ, एक मिलिंग आणि मी, झालं. आज दोन व्हीएमसी आहेत, एक सीएनसी टर्निंग आहे (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनी), अकरा माणसं आहेत. पण खरं सांगायचं तर धंदा मशीन घेतल्यामुळे वाढला नाही, तो वाढला दुसऱ्यांच्या मशीनींमुळे. म्हणजे आम्ही चार गाळेवाले एकत्र आलो त्यामुळे, आणि एकत्र येणं सोपं होतं हो, टिकणं अवघड होतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

झालं असं की २०१६ ला एका पंपवाल्या कंपनीचं काम आलं. आधी ते शाफ्टचं (पंपातला फिरणारा दांडा) नुसतं टर्निंग माझ्याकडून घ्यायचे, मग हार्डनिंग (तापवून कडक करणं) दुसरीकडे, ग्राइंडिंग (घासून नेमक्या साइजला आणणं) तिसरीकडे, प्लेटिंग (वरून धातूचा थर) चौथीकडे, आणि त्यांचा परचेसवाला दिवसभर फोनवर, माल कुठंय, माल कुठंय. एक दिवस वैतागून म्हणाला, मला फिनिश्ड शाफ्ट द्या, एकच पीओ (खरेदीची ऑर्डर), एकच बिल, मधली भानगड तुमची. मी हो म्हणून बसलो. लोभ, दुसरं काय.

मग जमवाजमव. वागळे इस्टेटला हीट ट्रीटमेंटवाले, म्हणजे हार्डनिंगचे, होते ओळखीचे, पावण्याला ग्राइंडिंगचे काका (वय तेव्हाच साठच्या पुढे, पण हाताला एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कळतो), आणि तुर्भ्याला प्लेटिंगवाले शेठ. चौघांचं ठरलं ते टपरीवर, कटिंगवर. कागद नाही, काही नाही. आपण काय परके आहोत का, हे वाक्य चौघांनीही किमान एकदा म्हटलं असेल, आणि आता मागे वळून बघितलं तर तेच वाक्य सगळ्यात महाग पडलं.

दीड-दोन वर्षं मस्त चाललं. मध्ये २०१७ ला जीएसटी आला, सगळे घाबरले होते, पण जॉबवर्कवाल्यांना (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करणारे) त्यातली एक गोष्ट बरी होती, माझ्या चलनावर (मालाबरोबर जाणारा कागद) माल वागळेहून थेट पावण्याला आणि तिथून थेट तुर्भ्याला जाऊ शकतो, दरवेळी माझ्या गाळ्यात परत आणायची गरज नाही. फक्त वर्षाच्या आत तो माझ्याकडे परत यायला पाहिजे, नाहीतर तो सप्लाय धरतात आणि टॅक्स अंगावर. काका अजून त्या चलनाला ५७ एफ ४ च म्हणतात, एक्साइजचा तो नियम जाऊन जमाना झाला तरी.

आणि मग २०१८ चा पावसाळा.

१८० शाफ्ट होते, ईएन २४ स्टीलचे, शेवटचा साइज ४० एच ६, म्हणजे चाळीसला शून्य ते उणे सोळा मायक्रॉन, आणि वर निकेलचं प्लेटिंग (इलेक्ट्रोलेस) २५ मायक्रॉन. आता २५ मायक्रॉन एका बाजूला, म्हणजे डायमीटरवर ५०. तेव्हा ग्राइंडिंगला शाफ्ट ३९.९५ च्या खाली ठेवायचा, मग निकेल चढून तो चाळीसच्या आत येतो. काकांनी ठेवला ३९.९९ ला. शेठनी बरोब्बर पंचवीस चढवले. शाफ्ट झाला ४०.०४. कस्टमरकडे एकही बेअरिंग जाईना. निकेल घासून साइजला आणावं म्हटलं तर पंचवीस मायक्रॉनचं निकेलच निघून जातं, मग लावलं कशाला.

कस्टमरची डेबिट नोट (नुकसान आमच्याकडून वसूल करायचा कागद) आली दोन लाख सात हजारांची. (शाफ्टची पडती किंमत साडेअकराशे, हिशोब तुम्हीच करा.) चार दिवस काय भांडणं झाली. काका म्हणतात मी ड्रॉइंगला बरोबर काम केलंय. शेठ म्हणतात, भाऊ, मला पंचवीस सांगितले, मी पंचवीस चढवले, गेज लावून बघा. वागळेवाले फोनच उचलेनात, त्यांचा काही संबंध नव्हता तरी. शेवटी मी पावण्याला गेलो आणि काकांनी मोबाईल काढून दाखवला, मी व्हॉट्सॲपवर पाठवलेला ड्रॉइंगचा फोटो. खालचा कोपरा कापला गेलेला. त्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, की साइज प्लेटिंगनंतरचा.

म्हणजे चूक माझी. काका काहीच बोलले नाहीत, चहा सांगितला. त्या चहाइतका कडू चहा मी प्यायलो नाही.

पैसे मी भरले, हप्त्याहप्त्याने, बायकोला सांगितलं ते सहा महिन्यांनी. पण त्या प्रकरणात एक गोष्ट डोक्यात घुसली जी आधी कधी कळलीच नव्हती. समजा चूक शेठची असती तर? त्यांना एका शाफ्टचे मिळतात ६५ रुपये. त्यांच्याकडे शाफ्ट पोचतो तेव्हा त्यात मटेरियल, माझं टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग सगळं घुसलेलं असतं. एक शाफ्ट बिघडला तर अठरा शाफ्टची मजुरी गेली. म्हणजे सगळ्यात शेवटचा जो, त्याचं बिल सगळ्यात लहान आणि जोखीम सगळ्यात मोठी. आणि आपण म्हणतो ज्याची चूक त्याने भरावं, ऐकायला न्याय वाटतो, पण असं केलं तर शेवटचा माणूस एक दिवस गपचूप काम सोडून देणार किंवा चूक लपवणार. लपवणं जास्त वाईट.

मग आम्ही बसलो, शुक्रवारी, कारण आमच्या एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. ठाण्यात मामलेदारची मिसळ खाल्ली आणि वागळेच्या गाळ्यात रोड नंबर १६ ला बसून दोन पानं लिहिली. ठरलं ते असं की, या कामाच्या प्रत्येक बिलातले दोन टक्के बाजूला काढायचे, वेगळं खातं, दोघांच्या सह्या. रिजेक्शन झालं तर ज्याच्या हातून बिघडलं त्याची स्वतःची मजुरी गेली, मटेरियल खात्यातून, आणि बाकीच्यांनी तो लॉट परत अर्ध्या रेटने करून द्यायचा. चूक चोवीस तासात स्वतःहून सांगितली तर त्याची अर्धी मजुरीसुद्धा खात्यातून. हे शेवटचं काकांनी सुचवलं, आणि सगळ्यात जास्त कामाला तेच आलं.

दुसरं म्हणजे रूट कार्ड. प्रत्येक लॉटबरोबर एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर प्रत्येक स्टेजचा साइज वेगळा लिहिलेला, टर्निंगचा, हार्डनिंगनंतरचा, प्लेटिंगच्या आधीचा, नंतरचा. फोटो पाठवायचा नाही म्हणजे नाही.

सीए म्हणाला एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा ना चौघांची. विचार केला. पण मग वेगळे हिशोब, दरवर्षी सरकारला फॉर्म ८ आणि ११, उशीर झाला की तेव्हा दिवसाला शंभर रुपये दंड होता, आणि मुख्य म्हणजे काकांच्या मुलाला यात यायचं नाहीये, उद्या काकांचा हिस्सा कोणाचा हा प्रश्न. नको म्हटलं. ज्याचा कस्टमर तो पुढे, बाकीचे त्याचे जॉबवर्कर, एवढंच ठेवलं.

मधे एक पाचवा आला होता, पावडर कोटिंगवाला. सहा महिन्यांत त्याने माझ्या कस्टमरला परस्पर कोटेशन दिलं, दहा टक्के खाली. मी वकिलाकडे गेलो, म्हटलं दोन वर्षं आमच्या कस्टमरकडे जाणार नाही असं लिहून घेतलंय. वकील हसला, म्हणाला सोबत काम करत असताना ती अट ठीक आहे, पण सोडून गेल्यावर धंदा करू नको असं लिहून घेतलेलं १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. तेव्हा आता नवीन माणूस घेताना कलमं कमी लिहितो आणि त्याच्या जुन्या पार्टीला फोन जास्त करतो.

लॉकडाऊनमध्ये माझे दोन्ही ऑपरेटर गावाला गेले, आझमगडला, तेव्हा काकांनी त्यांचा माणूस तीन आठवडे माझ्या व्हीएमसीवर पाठवला. पगार त्यांनीच दिला. हे कुठल्या पानात लिहिलेलं नव्हतं.

पेमेंटचं मात्र अजून जमलेलं नाही. कस्टमर मला नव्वद दिवसांनी देतो आणि आम्ही चौघं उद्यमवाले (सरकारकडे नोंदलेले छोटे उद्योग), म्हणजे शेठना मी वेळेत नाही दिले आणि मार्च उलटला तर १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात आलेल्या ४३बी(एच) च्या नियमामुळे तो खर्च त्या वर्षी मलाच धरता येत नाही. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस. ती दोन पानं इथे उपयोगी पडली, नाहीतर आमच्यात पंधराच दिवस लागू झाले असते. मार्च २०२४ ला एका परचेसवाल्याने मला विचारलं होतं, तुमचं उद्यम रद्द करता का म्हणून. मी म्हटलं साहेब, त्यापेक्षा पैसेच द्या ना.

आता त्या दोन टक्क्यांच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम साठलीये आणि त्यावरूनच वाद चालू आहे. शेठना प्लेटिंगची जाडी मोजायचं नवीन गेज पाहिजे, वागळेवाले म्हणतात आधी हार्डनेस टेस्टरचं कॅलिब्रेशन, आणि काका म्हणतात कशालाच हात लावू नका, पावसाळा येतोय.

शुक्रवारी बसतोय परत.