उभ्या कंटेनरचा धूर

"जहाज मागे पडलंय, गेट उद्या संध्याकाळशिवाय उघडत नाही, गाड्या सोडू नका." न्हावा-शेवा बंदरातल्या एजंटाचा हा निरोप आला तेव्हा आमचे चार कंटेनर भरून, सील लागून आवारात उभे होते. रावेर तालुका, मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. एकेका कंटेनरमध्ये वीस टनांच्या आसपास हिरवी केळी, साडेतेरा अंशांवर. ती आखातात पोचेपर्यंत हिरवीच राहिली पाहिजेत.

मी पूर्वी बोटीवर इंजिनिअर होतो. आता घरी येऊन केळीच्या पॅक हाऊसमध्ये मेन्टेनन्स बघतो. गावात मला अजून बोटवालाच म्हणतात आणि तापीच्या पलीकडे कधी न गेलेले लोकही मला समुद्राबद्दल चार गोष्टी ऐकवतात. असो.

रिफर म्हणजे आतला माल थंड ठेवणारा कंटेनर. त्याला सतत वीज लागते. रस्त्यावर ती द्यायला कंटेनरच्या तोंडाशी वरच्या बाजूला डिझेलचा एक छोटा जनरेटर अडकवलेला असतो, त्याला सगळे जेनसेट म्हणतात. गाडी चालू असो की उभी, जेनसेट चालूच. ताशी साधारण तीन लिटर डिझेल. रस्त्यावर धूर मागे राहतो, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र चारही गाड्या पॅकिंगच्या शेडला तोंड करून सावलीला लावलेल्या होत्या. वाऱ्याचं नाव नाही. पत्र्याच्या पुढे आलेल्या पाखाखाली धूर साचत होता आणि तिथून थेट टाक्यांकडे येत होता. त्या टाक्यांवर बाया तुरटीच्या पाण्यात फण्यांचा चीक धूत उभ्या होत्या, कारण दुसऱ्या बागेचा माल चालूच होता.

चारच्या सुमारास एक मावशी खाली बसल्या. डोकं गरगरतंय म्हणाल्या. त्यांना आतल्या खोलीत नेलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. सगळे म्हणाले, ऊन लागलं. असेलही. पण बाकीच्या दोघीतिघी डोळे पुसत होत्या आणि उन्हानं डोळ्यांतून पाणी येत नाही.

मला तो वास ओळखीचा होता. बोट धक्क्याला लागली की इंजिन बंद झालं असं बघणाऱ्याला वाटतं. मोठं इंजिन बंद होतंही, पण दिवे, पंप, क्रेन आणि डेकवरचे शेकडो रिफर यांना वीज हवीच, म्हणून बोटीवरचे जनरेटर धक्क्यावर रात्रंदिवस चालतात. आणि बंदर कुठेही असो, भिंतीपलीकडे वस्ती असतेच. आम्ही वर्षानुवर्षं जे जड तेल जाळलं ते थंड असलं की डांबरासारखं बसतं. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जात नाही. 2020 च्या 1 जानेवारीपर्यंत त्यात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. त्या तारखेपासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं मर्यादा 0.50 टक्क्यांवर आणली. युरोपियन युनियनच्या बंदरात धक्क्याला लागलेल्या बोटीला तर 2010 पासूनच 0.10 टक्के. ऐकायला हे आकडे बारीक वाटतात. आपल्या पेट्रोल पंपावरच्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भाग असतं. त्या हिशोबानं 0.50 टक्के म्हणजे पाच हजार भाग. समुद्रावरचं 'सुधारलेलं' तेलसुद्धा गंधकाच्या बाबतीत आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलच्या पाचशे पट.

यावर मी पाहिलेला सगळ्यात सरळ उपाय कॅलिफोर्नियातला. तिथे 2014 पासून कंटेनर बोटींना धक्क्यावर आपले जनरेटर बंद करून किनाऱ्याची वीज घ्यायची सक्ती सुरू झाली. बोट लागली की 6,600 व्होल्टच्या जाड केबल ओढायच्या, किनाऱ्याच्या विजेशी ताल जुळवायचा, भार तिकडे सरकवायचा आणि आपले जनरेटर एकेक करून थांबवायचे. आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. बऱ्याच बोटींची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 ची, म्हणून मध्ये रूपांतर करणारी यंत्रणा बसवावी लागते आणि ती स्वस्त नाही. तरी 2023 साली केंद्रानं बंदरांसाठी 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात किनाऱ्याच्या विजेचा मुद्दा आहे.

बोटीला जे जमतं ते पॅक हाऊसला का जमू नये? कंटेनरच तर आहेत. रिफर 50 हर्ट्झवरही चालतो आणि 60 वरही. आमच्या शेडमध्ये दोन सॉकेट होतेही. लोडिंगच्या वेळी वापरायचे आणि जेनसेट चालू झाला की काढायचे, अशी पद्धत पडलेली.

नानांकडे गेलो. नाना म्हणजे मालक. म्हणाले, "भाऊ, बाईला ऊन लागलं. त्याच्यासाठी चार गाड्यांची वायरिंग बदलतो का तू? डिझेल ट्रान्सपोर्टवाल्याचं, लाईट बिल माझं."

हिशोब म्हणून त्यांचं खरं होतं. बायकांच्या डोळ्यांची गोष्ट मी परत काढली, ते "पंखा लाव" म्हणाले. मग मी इथिलीनचा विषय काढला. पिकवणीच्या चेंबरमध्ये केळी पिवळी करायला जो वायू सोडतात तोच. तो इंजिनाच्या धुरातही थोडा असतो; म्हणून तर केळीच्या गोदामात डिझेलची फोर्कलिफ्ट घेत नाहीत. आणि केळीच्या रिफरची ताज्या हवेची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, कारण फळ आत श्वास घेत असतं. म्हणजे शेजारच्या जेनसेटचा धूर या खिडकीनं आत, याचा त्याच्या. त्या संध्याकाळी आत किती गेला असता ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि तसं मी नानांना सांगितलंही. ते तोपर्यंत उठून उभे राहिले होते. केळीवाल्याला बाईची भोवळ ऊन वाटते, पण इथिलीन हा शब्द त्याला झोपेतही कळतो. मला त्याचा थोडा रागच आला, पण काम होत होतं.

पुढचे तीन तास नुसती धावपळ. ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, हा पहिला प्रश्न. उन्हात एक रिफर सहा-सात किलोवॅट घेतो, कॉम्प्रेसर जोरात असला तर दहाच्या वर. पण गाड्यांचा माल भरून झालेला आणि दुसऱ्या बागेचा अजून आत न गेलेला, त्यामुळे प्रीकूलिंगच्या, म्हणजे भरण्याआधी माल थंड करायच्या, खोल्या रिकाम्या होत्या. त्यांचे कॉम्प्रेसर बंद केले आणि तोच फीडर, म्हणजे त्यांना वीज देणारी लाईन, गाड्यांना दिला. सॉकेट दोन कमी. रिफरला 32 अँपिअरचा चार पिनांचा सॉकेट लागतो, अर्थची पिन घड्याळात तीन वाजतात त्या जागी. तसा रावेरात मिळेना. एका पोराला जळगावच्या एमआयडीसीत पिटाळलं. वायरमननं तोवर केबल टाकून, ब्रेकर बसवून ठेवला. गाड्या शेडपासून मागे घेऊन भिंतीकडे लावल्या. हे खरं तर सकाळीच व्हायला हवं होतं आणि त्याला एक पैसाही लागला नसता.

एक ड्रायव्हर धुळ्याकडचा, तो प्लगला हात लावू देईना. "भाऊ, माल पिकना ते मनावर येई," म्हणजे माझ्यावर येईल. त्याची भीती रास्त होती. माल बिघडला की पहिला त्यालाच धरतात. त्याला कंटेनरच्या डिस्प्लेपाशी उभा केला, जेनसेट थांबवला, सॉकेट बंद ठेवून प्लग बसवला, मग स्विच टाकला. यंत्रानं स्वतःची तपासणी करून पंखे सुरू केले, आकडा साडेतेराला आला. मग दुसरी गाडी, मग तिसरी. एकदम सगळ्या चालू करायच्या नाहीत. चार कॉम्प्रेसर एकाच झटक्यात उठले तर ब्रेकर पडतो.

रात्री लाईट गेली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाना म्हणाले, "आता चारही जेनसेट लाव परत." मी शेडचा मोठा जनरेटर लावला, त्याची चिमणी मागच्या बाजूला पत्र्याच्या वर आहे. धूर तोही करतो, मान्य. पण चार छोटी डिझेल इंजिनं अर्ध्यापेक्षा कमी भारावर कुथत ठेवली की प्रत्येकात तेल अर्धवट जळतं, काजळी वाढते. एका इंजिनाला नीट भार दिला की ते गरम राहून स्वच्छ जळतं. बोटीवर हे रोज सांगावं लागायचं, कारण 'राहू दे दोन चालू, असू दे हाताशी' ही सवय सगळीकडे सारखीच.

दुसऱ्या दिवशी बाहेर बसून चहा घेताना आमच्या अकाउंटंटनं विचारलं, "ही लाईट तरी कुठून येते? दीपनगरहूनच ना? तिथे कोळसाच जळतो." बरोबर विचारलं. भुसावळजवळचं दीपनगर आम्हाला लांब नाही. तिथला धूर उंच चिमणीतून जातो, राख पकडायची यंत्रणा असते आणि तरी तो धूरच असतो. दिवसा शेडवरच्या सोलरचा काही वाटा पडतो, तो चार रिफरना पुरत नाही. प्लग मारल्यानं हवा स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. टाकीवर उभ्या बाईच्या नाकापासून धूर लांब गेला, आणि डिझेल कमी जळलं. ताशी तीन लिटरचे पावणेतीनशे रुपये होतात. त्याच कामाची वीज दहा रुपये युनिट धरली तरी साठ-सत्तरची.

हा फरक नानांच्या डोक्यात पक्का बसला. त्यांनी चार सॉकेटना मीटर लावून घेतले आणि ट्रान्सपोर्टवाल्याला तासाचा दर सांगितला, विजेपेक्षा जास्त, डिझेलपेक्षा कमी. तो आधी भांडला. जेनसेटचे तास दाखवून डिझेल उचलायची त्याच्या माणसांची सवय मोडत होती, हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही. मग कबूल झाला.

मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेळापत्रक. आम्ही घाईनं माल भरला आणि मग गाड्या उभ्या ठेवल्या. बोटीही हेच करतात: जोरात पळत येतात आणि बंदराबाहेर नांगर टाकून बसतात. वेग दहा टक्के कमी केला तर इंजिनाची लागणारी ताकद साधारण पंचवीस टक्क्यांहून जास्त उतरते, म्हणून आता धक्का मोकळा व्हायच्या वेळेलाच पोचा असं सांगायला लागलेत. आम्हीही आता गेटची वेळ पक्की कळल्याशिवाय माल कंटेनरमध्ये भरत नाही, प्रीकूलिंगमध्येच ठेवतो. कटाईची टोळी कुरकुरते, कारण त्यांचा दिवस पुढे-मागे होतो. त्या मावशी पुढच्या आठवड्यात परत कामावर आल्या आणि पहिल्यांदा विचारलं ते गाड्या कुठे लावणार हेच. धुळे, मालेगाव, नाशिक करत न्हावा-शेव्यापर्यंतचे पाचशेएक किलोमीटर आणि तिथल्या गेटबाहेरची रांग मात्र अजून जेनसेटवरच जाते.