तुम्ही विचारलंत म्हणून: माझी मिस मार्पल एस्टोनियाची

मिस मार्पल म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली खुनी शोधणारी म्हातारी. रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न ठरलेला. "पडद्यावरची खरी मिस मार्पल कोण हो?" विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं, माझी फक्त मान हलायला हवी असते. बीबीसीच्या मालिकेतली जोन हिक्सन. मी म्हणते, एस्टोनियाची नटी इता एवेर. मग "कोण?" आणि मग सगळ्यांचा चहा निवतो. दर वेळी तेच सांगून घसा दुखतो, म्हणून या वेळी लिहूनच टाकते.

2020 च्या टाळेबंदीत ती मला यूट्यूबवर सापडली. 1983 चा, मॉस्कोच्या मॉसफिल्म स्टुडिओचा सिनेमा, दिग्दर्शक वादिम देर्बेनेव, नावाचा अर्थ 'काळ्या पक्ष्यांचं रहस्य'. मूळ कादंबरी अगाथा ख्रिस्तीची 'अ पॉकेट फुल ऑफ राय'. मला रशियनचं अक्षर कळत नाही, पण कादंबरी इतक्यांदा वाचलेली की अडलं नाही. श्रीमंत घर, म्हाताऱ्या मालकावर विषप्रयोग, खिशात राईचे दाणे. (आपली मोहरी नव्हे, ते एक धान्य. माझी पहिली दोन वाचनं मोहरी समजूनच झाली.) आणि मग ग्लॅडिस, घरातली बावळट, भाबडी मोलकरीण. तिचा गळा आवळतात आणि वर तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतात.

पुस्तकातली मिस मार्पल त्या घरात येते ती या चिमट्यामुळे. ग्लॅडिसला कामाला तिनेच तयार केलेलं असतं. खून केलात तो केलात, वर ही चेष्टा? एरवी गावातल्या उखाळ्यापाखाळ्यांतून खुनी शोधणारी ही म्हातारी इथे मनापासून चिडलेली असते. बहुतेक नट्या मिस मार्पलची गोड आजी करून टाकतात. इताबाईंच्या चेहऱ्यावर माया कमी, हिशेब जास्त. लग्नघरात कोपऱ्यात गप्प बसून कुणी किती अहेर केला हे ध्यानात ठेवणारी एक आत्या असते ना, तसा. मला तो पटला.

आता मॉस्कोच्या सिनेमात एस्टोनियाची बाई कशी? सोव्हिएत सिनेमाला इंग्रज, जर्मन, फ्रेंच पात्रं लागली की तो बाल्टिक किनाऱ्याकडे वळायचा. लिथुआनियाचा दोनातास बानियोनिस, एस्टोनियाचा लेम्बित उल्फसाक अशा कितीतरी नटांना हे 'परदेशी' होणं वाट्याला आलं. चेहरे आणि वागणं रशियन प्रेक्षकाला परकं वाटायचं, आणि माणसं तर सरहद्दीच्या आतलीच. तालिनच्या जुन्या गल्ल्यांचंही तेच, पश्चिम युरोप हवा की कॅमेरा तिथे. ज्यांचा देश गिळला त्यांनाच परदेशी म्हणून उभं करायचं, यातला विनोद तिथल्या नटांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

इताचा जन्म 1 एप्रिल 1931 चा, मध्य एस्टोनियातल्या पाइदे गावचा. (एप्रिल फूल, हो.) तेव्हा एस्टोनिया स्वतंत्र होता. ती नऊ वर्षांची असताना सोव्हिएत आले, मग जर्मन, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. नाटकाचं शिक्षण मॉस्कोच्या गितिस संस्थेत, एस्टोनियन विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकडीत. 1953 मध्ये ते संपवून ती तालिनच्या ड्रामा थिएटरात आली आणि तिथलीच झाली. ख्रिस्तीची ती कादंबरीही 1953 चीच, पण हा माझा वेडा हिशेब.

ती इमारत 1910 मध्ये जर्मन नाट्यगृह म्हणून बांधलेली. सोव्हिएत काळात नाट्यगृहाला व्हिक्टर किंगिसेप या कम्युनिस्ट पुढाऱ्याचं नाव होतं, नंतर ते गेलं. पाटी बदलली, 1991 मध्ये देशही पुन्हा स्वतंत्र झाला, आणि या बाई त्याच रंगमंचावर, त्याच भाषेत. तेरा लाख वस्तीचा देश, आणि कोविडआधी वर्षाला नाटकाच्या प्रेक्षकांचा आकडा दहा लाखांवर जायचा. अशा ठिकाणी नटी म्हणजे घरातलंच माणूस.

नवरा एइनो बास्किन, नट आणि दिग्दर्शक. पुढे 1980 मध्ये त्याने तालिनमध्ये 'ओल्ड टाऊन स्टुडिओ' हे विनोदी नाटकांचं थिएटर काढलं. मुलगा रोमानही नट-दिग्दर्शकच.

एस्टोनियातल्या पोरांना विचाराल तर मार्पल नंतर, आधी रानातली म्हातारी. 1981 चा 'नुकित्सामेस', हेले कारिसचा बालचित्रपट, ओस्कार लुत्सच्या गोष्टीवरचा. एक भाऊ-बहीण जंगलात वाट चुकतात आणि तिथल्या रानटी कुटुंबाच्या तावडीत सापडतात. पळताना त्या घरातलं शिंगं असलेलं बारकं पोरही सोबत घेतात. त्या घरची कर्ती म्हातारी, मेत्सामोर, ती इता. चिखल, चिंध्या, आरडाओरडा. पाठोपाठ मी मिस मार्पल लावली तर हीच ती बाई यावर विश्वास बसेना. थांबवून, पुढेमागे करून डोळे ताडून पाहिले. तेव्हा तिने पन्नाशी नुकती गाठलेली, आणि दोन वर्षांत दोन म्हाताऱ्या. हिक्सनबाईंनी मार्पल सुरू केली तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरच्या होत्या, आणि तेही 1984 च्या डिसेंबरात. म्हणजे इताच्या नंतर.

डॉक्टर लागूंना हिंदीवाले जज्ज नाहीतर नायकाचा बाप म्हणून ओळखतात, आणि आपण म्हणतो, अरे, यांना आप्पा बेलवलकर करताना पाहिलं नाहीत तुम्ही. तसं एखादा एस्टोनियन मला म्हणू शकेल. मी तिला एकदाही तिच्या रंगमंचावर पाहिलेलं नाही. माझी इता एवेर म्हणजे दोन सिनेमे, त्यातला एक रशियनमधला आणि दोन्ही भाषा मला न कळणाऱ्या.

2018 मध्ये रोमान गेला. ती ऑगस्ट 2023 मध्ये गेली, ब्याण्णवाव्या वर्षी. त्या रात्री मी पुन्हा तो सिनेमा लावला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने विचारलं, "ही हिक्सन का?"