आठशेचा रनिंग बोर्ड, गंज आणि लांबी

कोकणात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे इंजिन नंतर, आधी पत्रा. आमच्याकडे बाबांची मारुती आठशे आहे, 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन अजून पहिल्या स्टार्टरला उठतं, आणि 2014 ला गाडी बनायची बंद झाली तरी इंजिनाचे पार्ट कुठेही मिळतात. बॉडीचं तसं नाही हो. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, आणि मडगार्डच्या आत जाऊन बसलेला लाल चिखल जो वरून सुकला तरी आतून ओलाच असतो.

वरून दिसतो फक्त फुगलेला कलर, दाराखाली रनिंग बोर्डवर बोटाएवढा फोड. तो फोड म्हणजे गंज आतून बाहेर आलाय. रनिंग बोर्ड आतून पोकळ असतो, पाणी आत जातं, खालची ड्रेनची भोकं मातीने बुजलेली असतात, मग ते पाणी तिथेच राहतं आणि पत्रा आतल्या बाजूने खात बसतं. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला बद्द वाजतो. आणि कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघाच, ओला लागला तर फ्लोअरपण बघावा लागणार.

आता मुद्दा. बऱ्याच गॅरेजला सांगतात, घासून लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुटी) भरून देतो, एकदम नव्यासारखी. नका करू. लांबी पाणी शोषते, खाली गंज जिवंत असतो, एक पावसाळा गेला की तोच फोड दुप्पट होऊन वर येतो आणि तोवर आजूबाजूचा पत्राही गेलेला असतो. काही जण तर भोकात कापड नाहीतर फायबर कोंबून वरून लांबी मारतात. रनिंग बोर्ड ही शोभेची पट्टी नाहीये, आठशेला वेगळी चासी नाही, गाडीची ताकद याच पत्र्यात आहे, जॅकपण तिथेच लागतो. घरची माणसं बसतात त्या गाडीत.

आमच्या डेंटर काकांनी ग्राइंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापत नेलं, फोड बोटाएवढा आणि कापलेला तुकडा हातभर. दारं लावून, गॅप बघून, आतून टेकू देऊन मगच कापलं, नाहीतर बॉडी बसते आणि नंतर दार लागत नाही. मी म्हटलं काका जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा टाकूया, गंजणार नाही, तर म्हणाले, "वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत जातो. सीआर, म्हणजे बिनजस्ताचा साधा पत्रा घे, वीस गेजचा, आणि त्याला प्रायमर नीट मार." वेल्डिंग सीओटूचं (वायरचं, मिग), गॅसच्या ज्योतीचं नाही, कारण ज्योतीने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. तेही सलग नाही, एक टाका इथे, एक तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं. त्याआधी बॅटरीची वायर काढलेली, आणि फ्लोअरखालून पेट्रोलचा पाइप जातो तो बाजूला घेतलेला, हे विसरून चालणारच नाही.

मग टाके घासून इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर, लांबी अगदी पातळ, फक्त लेव्हलपुरती. नुसता साधा प्रायमर मारून गाडी उन्हापावसात उभी ठेवू नका, तो पाणी अडवत नाही.

आणि खरं काम त्यानंतर आहे जे कोणी करत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा प्रायमर जळतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून ड्रेनच्या भोकातून लांब नळीने आत वॅक्स स्प्रे मारायचा. जुनं इंजिन ऑइल मारतात लोक, पण त्याने रबर फुगतं आणि थेंब थेंब अंगणात गळतं, मला ते पटत नाही. ड्रेनची भोकं मात्र उघडीच ठेवायची. खालून अंडरकोटिंगपण गंज काढल्याशिवाय मारू नये, भेगेतून पाणी आत शिरतं आणि कोटिंगखाली अडकून राहतं.

एवढा खर्च आठशेवर कशाला असं सगळे विचारतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग असतं, गाडी तपासतात, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, हे सगळं मला माहीत आहे. पण बाबा अजून चालवतात ती, आणि त्यांना तीच हवी आहे.

मागचं डावं मडगार्ड बाकी आहे. ते दिवाळीनंतर काढणार, हवा कोरडी झाल्याशिवाय प्रायमर मारायचा नाही असं काकांनी बजावलंय.