स्पीड पूर्ण, तरी कॉल तुटतो: राउटरवर एसक्यूएम (रांगेचं व्यवस्थापन) लावण्याचा अनुभव

"स्पीड टेस्ट पूर्ण येतेय ना सर? मग लाइन ओके आहे." एवढं सांगून इंटरनेट कंपनीने माझी तक्रार तीनदा बंद केली. पण माझा प्रश्न वेगाचा नव्हताच, रांगेचा होता. फोनवरचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ९ वरून ११०० मिलिसेकंदांवर जायचा.

हिशोब सरळ आहे. बफरमध्ये, म्हणजे डेटा पुढे जायची वाट बघत थांबतो त्या जागेत, १५०० बाइटची १००० पॅकेट्स (डेटाचे तुकडे) साचली, तर १० एमबीपीएस अपलोडवर ती निघायला १.२ सेकंद लागतात. कॉलचं छोटंसं पॅकेट त्या सगळ्यांच्या मागे. पॅकेट गळेपर्यंत टीसीपीला (पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नियमावलीला) सहसा कोंडी कळत नाही, आणि बफर मोठा असला की ते लवकर गळतही नाही. कोडेल हा रांग सांभाळणारा अल्गोरिदम (२०१२, निकोल्स आणि जेकबसन) म्हणूनच रांगेची लांबी न बघता पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतो. केक या दुसऱ्या अल्गोरिदममध्येही तेच तत्त्व आहे.

ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) एसक्यूएमचं पॅकेज घालून केक निवडणं अर्ध्या तासात झालं. अपलोड मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये, केकच्या ताब्यात लागते. रकाना किलोबिटचा आहे: ९ नाही, ९०००.

अडलो ते इथे. पिंग तरीही ११००! ९०००चे ८००० केले, मग ५०००. दोन संध्याकाळी गेल्या. ५००० टाकूनही अपलोड साडेनऊ एमबीपीएसनेच चाललं होतं, तेव्हा लक्षात आलं की मर्यादा लागतच नाहीये. टीसी या कमांडने रांगेची आकडेवारी काढली: २०० एमबी अपलोड होऊनही केकमधून गेलेले बाइट काही किलोबाइट, गळवलेली पॅकेट्स शून्य. फायरवॉलच्या पानावर 'हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग' चालू होतं. त्यात चालू कनेक्शनची पॅकेट्स चिप परस्पर पुढे पाठवते. ती केकच्या रांगेत येतच नाहीत. टिक काढली, राउटर रीबूट केला, ९००० परत टाकले. अपलोड चालू असताना पिंग १४! अगदी हायसं वाटलं.

आता सगळा भार प्रोसेसरवर येतो. 'टॉप' या कमांडमध्ये सॉफ्टआयआरक्यू (नेटवर्कसारख्या कामांत जाणारा प्रोसेसरचा वेळ) शंभर टक्क्यांना टेकत असेल, तर केकऐवजी एफक्यू-कोडेल घ्या, तो हलका आहे.

हो, आधी सांगायला हवं होतं: मोजमाप केबल लावूनच करा, वायफायची रांग वेगळी असते. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर इंटरफेस पीपीपीओई-वॅन निवडा, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचे जादा बाइट) ४४ ठेवा. डाउनलोड मात्र ८५ टक्क्यांपासून सुरू करा. तिथली रांग आपल्या आधीच लागते, म्हणून मोकळीक जास्त ठेवावी लागते.